गर्भपातानंतरचे सहा आठवडे : शरीर आणि मन सावरण्याचा नेमका क्रम

गर्भपात झाल्यावर रक्तस्राव थांबला की प्रकरण मिटले, असे धरून चालण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की पंधराव्या दिवसाची तपासणी म्हणजे अनेकींना दवाखान्याची फुकटची फेरी वाटते. उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. औषधामुळे येणारच होती अशी थंडी वाजली, किंवा सातव्या दिवशी थोडी गाठ पडली, की घाबरून भलत्याच दवाखान्यात धाव घेतली जाते आणि गरज नसताना पिशवी साफ करून घेतली जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कोणत्या दिवशी शरीरात काय होणे अपेक्षित आहे, मनाचे काय होऊ शकते आणि कोणती खूण दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, हे त्या बाईला आधी कोणी क्रमाने सांगितलेले नसते.

हा लेख मुख्यतः पहिल्या १२ आठवड्यांतील, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी किंवा पिशवी रिकामी करून झालेल्या गर्भपातासाठी आहे. त्यापुढच्या महिन्यांत जे वेगळे घडते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. लेख वाचून तपासणी टाळू नये. तपासणीला जाताना काय विचारायचे, हे यातून समजावे एवढाच हेतू आहे.

## टप्पा १ : तयारी

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात आणि त्यांचे परिणाम मात्र पुढे दिसतात, म्हणून येथे घाई करू नये.

१.१ आठवडे नीट मोजा. गर्भाचे वय संबंध आल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. 'पाळी चुकून पंधराच दिवस झालेत' असे सांगणाऱ्या, दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला प्रत्यक्षात सहा आठवडे होऊन गेलेले असतात. हा फरक नुसता हिशेबाचा नाही. आपल्याकडील नियमांप्रमाणे गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करता येतो, आणि दिवस जितके पुढे जातात तितका रक्तस्राव, वेदना व पिशवीत काही भाग राहण्याची शक्यता वाढते.

१.२ सोनोग्राफी आणि रक्त तपासणी. औषधाच्या दुकानातून एक व चार गोळ्यांचा संच आणून घरीच घेणे ही सर्वांत धोक्याची पद्धत आहे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, आणि त्याला कारण आहे. गर्भ पिशवीत नसून नळीत (गर्भनलिकेत) असेल तर या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. थोडे रक्त जाते, बाईला वाटते काम झाले, आणि काही दिवसांनी नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. गर्भ कोठे आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग सोनोग्राफी हाच आहे. सोबत हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासावा. हिमोग्लोबिन ८ पेक्षा खाली असेल तर गोळ्यांचा मार्ग टाळतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे त्याच भेटीत विचारावे, कारण द्यायचे ठरल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावे लागते. तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, आधीचे बाळंतपण सिझेरियन असेल, तर हे विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

१.३ जागा आणि कागद. सरकारी रुग्णालयांना या कामासाठी वेगळ्या परवान्याची गरज नसते. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे त्यांपैकी सर्वांत मोठे. खासगी दवाखान्याला मात्र मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि ते दर्शनी भागात लावावे लागते. ते भिंतीवर आहे का, हे पाहायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

संमतीबाबतचा गैरसमज आजही कायम आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची, सासूची किंवा वडिलांची सही कायद्याने लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत, ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. हा बदल २०२१ च्या दुरुस्तीने आला, आणि अविवाहित स्त्रीला केवळ अविवाहित आहे म्हणून यातून वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. बाईचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलगी १८ च्या आतील असेल तर पालकाची संमती लागते आणि पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) तरतुदीही लागू होतात. अशा वेळी गुपचूप मार्ग शोधण्यापेक्षा थेट सरकारी रुग्णालयात जाणे तिच्यासाठी अधिक सुरक्षित असते. आणि एक गल्लत कायमची सोडून द्यावी: गुन्हा आहे तो लिंगनिदान करणे. कायद्याच्या चौकटीतील गर्भपात गुन्हा नाही.

१.४ एक माणूस आणि एक रस्ता. पहिले दोन दिवस सोबत राहील, गाडी काढील आणि चार ठिकाणी बोलणार नाही, असे एक माणूस आधीच ठरवून ठेवावे. रस्त्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या भागांतून शहरात यायला उन्हाळ्यात लागणारा वेळ आणि पावसाळ्यात लागणारा वेळ यांत किती अंतर असते, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असेल आणि गावाचा रस्ता पाण्याखाली जाण्याची भीती असेल, तर त्या आठवड्यात घरी राहून गोळ्या घेऊ नयेत. शहरातील नातेवाइकांकडे मुक्काम करावा किंवा रुग्णालयातच दाखल होऊन उपचार घ्यावेत. चंदगडकडच्या बायका सोयीने बेळगावला जातात. कायदा तेथेही हाच आहे, फक्त कागदपत्रे आणि सोनोग्राफीचा अहवाल स्वतःजवळ ठेवावा, म्हणजे रात्री गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला यावे लागले तरी नव्याने सगळे सांगत बसावे लागत नाही.

१.५ घरात काय असावे. मोठे पॅड (कापडाच्या घड्यांवरून किती रक्त गेले याचा अंदाज येत नाही, म्हणून एवढ्या दिवसांपुरते तरी पॅडच वापरावेत), थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी, गरम पाण्याची पिशवी, ओआरएसची पाकिटे आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक. दवाखान्याचा रात्रीचा क्रमांक लागतो का, हे आदल्या दिवशी एकदा लावून पाहावे.

> तपासा : हा निर्णय माझा आहे का, हे स्वतःला एकदा एकांतात विचारा. मुलगी असेल या संशयाने, मारहाणीच्या भीतीने किंवा घरच्यांच्या दडपणाखाली तुम्हाला दवाखान्यात आणले असेल, तर डॉक्टरांशी एकटीने बोलू देण्याची मागणी करा. महिला मदतवाहिनी १८१ आहे. दडपणाखाली झालेल्या गर्भपाताचा मनावरचा भार वेगळा आणि अधिक काळ टिकणारा असतो.

## टप्पा २ : प्रत्यक्ष दिवस

२.१ गोळ्यांचा मार्ग. पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, गर्भाला आधार देणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. ती घेतल्यावर बहुतेकींना काहीच जाणवत नाही आणि येथेच पहिली चूक होते: 'काही झालंच नाही' म्हणून पुढच्या गोळ्या घेतल्या जात नाहीत, किंवा घाईने लगेच घेतल्या जातात. दुसरे औषध, मिसोप्रोस्टॉल, २४ ते ४८ तासांनी, डॉक्टर सांगतील त्या पद्धतीने घ्यायचे असते. त्याने पिशवी आकुंचन पावते आणि काही तासांत कळा व रक्तस्राव सुरू होतो. सर्वांत जोराचे दोन ते चार तास असतात. नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त रक्त, लिंबाएवढ्या गाठी, थंडी वाजणे, काही तासांचा ताप, मळमळ, जुलाब हे सारे या औषधाचे अपेक्षित परिणाम आहेत आणि साधारण २४ तासांत ओसरतात.

वेदनाशामक गोळी कळा असह्य होईपर्यंत थांबवून ठेवू नये. आयबुप्रोफेन घेतल्याने गर्भपाताच्या गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. हा समज चुकीचा असून त्यापायी बायका विनाकारण वेदना सोसतात. पित्ताचा अल्सर किंवा दमा असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांकडून दुसरी गोळी लिहून घ्यावी.

२.२ पिशवी रिकामी करण्याचा मार्ग. नळीने ओढून घेण्याची पद्धत आज सुरक्षित मानली जाते. धारदार चमच्याने खरवडण्याची जुनी पद्धत वापरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बोलीत दोन्हीला 'क्युरेटिंग'च म्हणतात, म्हणून कोणती पद्धत वापरणार हे विचारावे. यात प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे असते, नंतरचा रक्तस्रावही गोळ्यांच्या मानाने कमी असतो. काहींना जवळजवळ होतच नाही आणि त्यात काळजीचे काही नाही.

> सावधान : मिसोप्रोस्टॉल घेतल्यानंतर २४ तासांत रक्तस्राव झालाच नाही, किंवा नुसते डाग पडले, तर स्वतःच्या मनाने गोळ्यांचा दुसरा संच घेऊ नका. गर्भ टिकून असू शकतो किंवा नळीत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ३ : पहिले ४८ तास, धोक्याच्या खुणा

पुढील पाच खुणा सोबत राहणाऱ्या माणसालाही वाचून दाखवाव्यात, कारण चक्कर आलेली बाई स्वतः निर्णय घेऊ शकत नाही.

1. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजणे.
2. गोळ्यांनंतरचे २४ तास उलटून गेल्यावर १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप.
3. ओटीपोटात औषधाने न थांबणारी किंवा एकाच बाजूची तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येऊन पडणे. ही नळीतील गर्भाची लक्षणे असू शकतात.
4. दुर्गंधी असलेला स्राव.
5. ताप नसतानाही, २४ तासांनंतर विलक्षण अशक्तपणा, उलट्या, 'काहीतरी बिघडलंय' अशी स्पष्ट जाणीव.

यांपैकी एक जरी दिसली तरी १०८ वर फोन करावा किंवा सरळ रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचल्यावर 'आपोआप रक्त जायला लागलं' असे सांगण्याचा मोह टाळावा. कोणती गोळी, किती वाजता, कितव्या आठवड्यात घेतली, हे सांगितल्याने उपचाराचा वेळ वाचतो. गोळ्यांचे रिकामे पाकीट याचसाठी जपून ठेवायचे असते. फेकू नका.

## टप्पा ४ : तिसरा ते चौदावा दिवस

४.१ रक्तस्राव. गोळ्यांनंतर तो साधारण ९ ते १६ दिवस चालतो. काहींना महिनाभर अधूनमधून डाग दिसतात. दोन दिवस थांबून पुन्हा सुरू होणे, काम केल्यावर वाढणे, रंग तपकिरी होणे यांत गैर काही नाही. रोजचे किती पॅड लागले, एवढी नोंद ठेवावी. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको. एकत्र कुटुंबात त्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहायला सगळेच येतात. फोनमध्ये दिवसाला एक ओळ पुरते.

४.२ गर्भाची लक्षणे. मळमळ दोन-चार दिवसांत ते आठवडाभरात जाते, छातीचा ताठरपणा आणखी काही दिवस राहतो. आठवड्यानंतरही मळमळ तशीच असेल, तर पंधराव्या दिवसापर्यंत थांबू नये.

४.३ दूध येणे. चौथा महिना उलटल्यावर झालेल्या गर्भपातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येऊन दूध येऊ शकते. हे आधी सांगितलेले नसले की बाई हादरते. शरीराला अजून खबरच मिळालेली नाही, असे तिला वाटते. दूध पिळून काढू नये, कारण पिळल्याने ते वाढते. घट्ट पण रुतणार नाही अशी ब्रा, गार पाण्याची घडी आणि वेदनाशामक गोळी यांनी काही दिवसांत ताण उतरतो. दूध थांबवण्याची गोळी असते, तिच्याबद्दल रुग्णालयातून निघण्यापूर्वीच विचारावे. गर्भात गंभीर दोष आढळल्यामुळे हवेसे मूल गमवावे लागलेल्या बाईच्या बाबतीत तर ही गोष्ट न सांगणे म्हणजे दुखऱ्या जागी पुन्हा मारणे आहे.

४.४ काम. 'आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी भांगलायला जात होतो' हे वाक्य ऐकावे लागले तरी मनावर घेऊ नये. पहिल्या काही आठवड्यांतील साध्या गर्भपातानंतर बहुतेकजणी दोन-तीन दिवसांत हलक्या कामाला लागू शकतात, हे खरे आहे. पण रक्त बरेच गेले असेल तर रोप लावण, उसाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे, मागावरची उभ्याची पाळी हे किमान आठवडाभर टाळावे. नोकरदार स्त्रियांसाठी गर्भपातानंतर ६ आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतही असा लाभ मिळतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असते, याची मला शंका आहे. रजेसाठी वैद्यकीय दाखला द्यावा लागतो, म्हणजे कार्यालयात कोणाला तरी कळणार. ते नको असेल तर साध्या आजारपणाच्या रजेचा पर्याय आहे. दोन्ही तोलून ठरवावे.

४.५ आहार आणि अंघोळ. अंघोळीने 'हवा लागत' नाही. रोज कोमट पाण्याने अंघोळ करावी. टबात किंवा नदीत उतरू नये आणि योनीमार्ग आतून धुऊ नये. तांबडा रस्सा की पांढरा, हा प्रश्न चवीचा आहे. वर्ज्य दोन्ही नाहीत, पोट बिघडलेले असताना तिखट कमी ठेवावे एवढेच. भर द्यावा तो कडधान्ये, पालेभाज्या, नाचणी, आळीव, अंडी, मटण यांवर. गुळावर सगळी भिस्त ठेवू नये. कोल्हापूरचा गूळ कितीही नावाजलेला असला तरी कमी झालेले हिमोग्लोबिन तो एकटा भरून काढत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहापासून निदान तासभर दूर ठेवावी. अँटिबायोटिक दिले असेल तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

४.६ संबंध आणि गर्भनिरोधन. रक्तस्राव थांबेपर्यंत संबंध टाळावेत. पुढची पाळी येईपर्यंत दिवस जात नाहीत, हा समज हे लगेच पुन्हा गर्भपाताची वेळ येण्याचे एक ठळक कारण आहे. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकते, म्हणजे पाळी दिसण्यापूर्वीच दिवस राहू शकतात. म्हणून गर्भनिरोधक पंधराव्या दिवशी 'ठरवायला' घेऊ नये. पहिल्याच भेटीत ठरवावे. पिशवी रिकामी केली असेल तर तांबी त्याच वेळी बसवता येते. गोळ्यांनंतर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात. रोजच्या गोळ्या किंवा तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन त्याआधीही सुरू होऊ शकते.

> तपासा : चौदाव्या दिवशी तुमच्याकडे पॅडची नोंद, तापाची नोंद, ठरवलेले गर्भनिरोधक आणि उद्याच्या तपासणीची वेळ या चार गोष्टी आहेत का?

## टप्पा ५ : पंधरावा दिवस

गोळ्यांनी गर्भपात पूर्ण होण्याचे प्रमाण नियमात राहून घेतल्यास शंभरात ९५ हून अधिक आहे. उरलेल्या थोड्यांतील एक कोण, हे मात्र बाहेरून दिसत नाही. गर्भ टिकून राहिला असेल तर मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून ही तपासणी चुकवण्यासारखी नाही.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली लघवीच्या पट्टीची. गर्भपात पूर्ण होऊनही पट्टीवर दोन रेघा चार आठवड्यांपर्यंत दिसू शकतात, कारण रक्तातील संप्रेरक हळूहळू उतरते. आठव्या दिवशी पट्टी लावून रडत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत; त्यांपैकी बहुतेकींना चार आठवडे थांबण्याखेरीज काही करावे लागत नाही. दुसरी चूक सोनोग्राफीच्या अहवालाची. पिशवीत थोडे रक्त किंवा अस्तराची जाडी दिसणे अपेक्षितच असते. रक्तस्राव उतरत असेल, ताप नसेल, वेदना नसतील तर केवळ अहवालातील त्या एका ओळीवरून पिशवी साफ करायला तयार होऊ नये. 'थांबून पाहता येईल का?' असा प्रश्न विचारावा. वारंवार खरवडल्याने पिशवीचे पदर एकमेकांना चिकटण्याचा, विरळ असला तरी, धोका असतो.

पुढची पाळी साधारण ४ ते ६ आठवड्यांत येते. आठ आठवडे उलटूनही आली नाही, तर पुन्हा तपासणी.

## टप्पा ६ : मन

हा टप्पा सहावा लिहिला असला तरी तो पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. शेवटी ठेवला, कारण शरीराचे प्रश्न सुटल्याशिवाय बहुतेकींना मनाकडे पाहायला उसंत मिळत नाही.

६.१ काय वाटू शकते. सुटल्यासारखे वाटणे, रिकामेपणा, अपराधीपण, राग, नवऱ्याकडे पाहवत नाही असे वाटणे, आणि काहीच न वाटणे. यांपैकी दोन-तीन भावना एकाच दुपारी येऊन जातात. गर्भावस्थेतील संप्रेरके झपाट्याने उतरत असल्यामुळे पहिल्या आठवड्यात कारणाशिवाय रडू येणे शरीराच्या बदलाशीही जोडलेले असते. 'मला तर हायसं वाटलं, म्हणजे मी दगडाची आहे का?' हा प्रश्न अनेकींना आतून कुरतडतो. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांची पाच वर्षे विचारपूस करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वाधिक सांगितली गेलेली भावना सुटकेचीच होती आणि आपला निर्णय बरोबर होता असे पाच वर्षांनंतरही बहुसंख्य स्त्रियांनी सांगितले. त्या देशाचे घरदार वेगळे, हे मान्य. पण हायसे वाटणे ही विकृती नाही, एवढे त्यातून नक्की घेता येते.

दुःख वाटणेही चूक नाही. निर्णय योग्य असूनही त्याचे दुःख होऊ शकते. शेतीची अडचण, दोन लेकरांमागे तिसरे न झेपणे, शिक्षण अर्धे राहणे, ही कारणे पक्की असतात आणि तरीही मोजलेल्या तारखेला, ज्या महिन्यात बाळंतपण झाले असते त्या महिन्यात, जीव कासावीस होतो. ती तारीख आधी माहीत असेल तर त्या दिवशी एकटे राहू नये, एवढी साधी तयारी करता येते.

६.२ कोणाला जास्त जपावे लागते. गर्भपाताने प्रत्येकीला मानसिक आजार होतो, हे खरे नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांच्या (रॉयल कॉलेजेसच्या) संघाने २०११ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नको असलेल्या गर्भधारणेत गर्भपात केला किंवा बाळंतपण झाले तरी मानसिक आजाराचे प्रमाण सारखेच आढळले, आणि पुढील त्रासाशी सर्वांत ठळक संबंध आढळला तो आधीच्या मानसिक आजाराचा. म्हणून पूर्वी नैराश्य येऊन गेलेली, दडपणाखाली गर्भपात करावा लागलेली, घरात मार खाणारी, हवेसे मूल दोषामुळे गमावलेली आणि एका शब्दाने कोणाला सांगू न शकलेली, अशा स्त्रियांकडे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी अधिक लक्ष द्यावे.

६.३ क्रमाने काय करावे. पहिल्या आठवड्यात मोठे निर्णय घेऊ नयेत, नात्याचेही नाहीत. झोप आणि जेवण यांची वेळ पाळावी. हे क्षुल्लक वाटते, पण रात्रीची झोप मोडली की दिवसाचा प्रत्येक विचार दुप्पट काळा होतो. दुसऱ्या आठवड्यात, ठरवलेल्या त्या एका माणसाशी एकदा सविस्तर बोलावे. बोलणे जमत नसेल तर लिहावे आणि हवे तर फाडून टाकावे. देवीला गाऱ्हाणे घालावेसे वाटले तर घालावे. पण पाप लागले म्हणून आता मूल होणार नाही, अशी भीती कोणी घातली तर ती उचलून घेऊ नये. गुंतागुंत न झालेल्या गर्भपाताने पुढील गर्भधारणेला बाधा येत नाही आणि स्तनाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध नाही.

६.४ घरच्यांची चूक. 'झालं ते झालं, विसर आता' हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटले जाते आणि तिला ते तोंड बंद करण्याची सूचना म्हणून ऐकू येते. त्याऐवजी 'आज कसं वाटतंय?' एवढे विचारून थांबावे आणि उत्तर ऐकावे. नवऱ्यालाही हळहळ असते, पण ती न दाखवण्यात पुरुषार्थ मानल्यामुळे बाईला वाटते की याला काहीच पडलेले नाही. पंधराव्या दिवशी तो दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसला, तरी बरेच काही न बोलता पोहोचते.

> सावधान : दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच मन न लागणे, झोप-भूक उडणे, त्या दिवसाची दृश्ये पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणे, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, सीपीआरमध्येही हा विभाग आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येते.

## टप्पा ७ : पुढच्या वेळी दिवस राहिले तर

मूल हवे असेल तर निदान ६ महिने थांबावे, हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आधीपासून सुरू कराव्यात. नोंदणीच्या वेळी परिचारिका 'आधी किती वेळा दिवस राहिले होते?' असे विचारते, तेव्हा सोबत सासू उभी असते आणि उत्तर अडते. सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगा, असे परिचारिकेला आधीच हळूच सांगून ठेवता येते. उत्तर मात्र खरे द्यावे: कितव्या आठवड्यात, गोळ्यांनी की पिशवी रिकामी करून, ताप किंवा जास्त रक्तस्राव झाला होता का, अँटी-डी इंजेक्शन घेतले होते का. रक्तगट निगेटिव्ह असणाऱ्या बाईच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या बाळाच्या तपासण्या ठरतात.